ब्रेक ऑइलची जुनी डबी : बदलावी की राहू द्यावी?

रोहिणखेड हे आमचे गाव घाटाच्या पायथ्याशी वसलेले आहे. इ. स. १४३७ व १५९० या साली येथे लढाया झाल्या, हे इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहेच. आता फौजा गेल्या. घाट मात्र जागच्या जागी आहे. बुलढाण्यास कामानिमित्त गेलेल्या शेतकऱ्यास दिवस मावळण्यापूर्वी तो उतरून यावा लागतो, आणि उतारावर मोटारीचा सारा भरवसा ब्रेकवर असतो.

गेल्या पावसाळ्यात राजूर घाट उतरताना एका वळणावर आमच्या जुन्या मोटारीतील ब्रेकचा तांबडा दिवा लुकलुकला व सपाटीवर येताच विझला. गाडीत सून व दोन नातवंडे होती. पॅडल नेहमीसारखेच घट्ट लागत होते. तथापि आम्ही गाडी खालच्या गिअरमध्ये घेऊन सावकाश घरी आणली. बोनेट उघडून पाहता ब्रेक ऑइलची डबी पिवळी पडलेली, तिजवरील खुणा पुसट झालेल्या व आतील ऑइल कोठवर आहे ते दिसेनासे झालेले आढळले.

एका जाणत्या गृहस्थांनी सांगितले, "डबी पिवळी पडली म्हणजे गेलीच, नवी बसवा." दुसरे म्हणाले, "खर्च कशास? वरून ऑइल ओतीत राहा." महसुली नोकरीत पाहणीवाचून नोंद करू नये हे आम्ही शिकलो होतो, सबब दोन्ही मते तूर्त बाजूस ठेवून पाहणी करण्याचे ठरविले.

प्रथम या डबीचे काम ध्यानी घेतले पाहिजे. बंद नळीतील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोहोचतो, हा पास्कल या फ्रेंच पंडिताचा नियम होय. पॅडल दाबताच मास्टर सिलिंडरमधील ऑइल तोच दाब चाकांपर्यंत नेते. डबी त्या सिलिंडरवर बसते व त्यास ऑइल पुरविते. तिच्यावर स्वतः दाब नसतो. पण ती रिकामी झाली तर नळ्यांत हवा शिरते. हवा दाबली जाते, ऑइल दाबले जात नाही. त्यामुळे पॅडल खाली जाते व गाडी थांबत नाही. उतारावर डबीतील ऑइल पुढे सरकते. ते आधीच कमी असेल तर तरंगता खटका खाली जाऊन दिवा लागतो. आमच्या दिव्याचा अर्थ हाच होता.

ऑइल कमी होण्याची कारणे मुख्यतः दोन. एक, पॅड झिजणे. ते झिजले म्हणजे चाकाजवळील सिलिंडरात अधिक ऑइल राहते व डबीतील पातळी हळूहळू उतरते. हा डबीचा दोष नव्हे. दुसरे, गळती. ती चाकाशी, नळीत वा मास्टर सिलिंडरच्या मागील अंगासही असू शकते. तेथे नवी डबी बसविणे म्हणजे बांध फुटला असता मोट बदलण्यासारखे होय.

आम्ही पॅड पाहविले. ते शाबूत होते. मग डबी बाहेरून कोरडी पुसली, सपाट जागी गाडी उभी केली, ऑइलच्या पातळीशी बॅटरीच्या उजेडात बाहेरून खूण केली व डबीच्या बुडाशी पांढरे फडके गुंडाळले. तिसऱ्या सकाळी फडके ओले झाले. खालच्या पत्र्यावरील रंगही फुगलेला दिसला. ब्रेक ऑइल रंग खाते, हा त्याचा गुणच आहे. सांडल्यास तत्काळ पाण्याने धुवावे.

मिस्त्रींनी डबी उपसून दाखविली व म्हणाले, "भाऊसाहेब, खालची रबरे कडक झाली आहेत. पण हेही पाहा." डबीच्या मानेशी केसासारखी भेग होती. केवळ रबरांचा दोष असता तर दोन रबरे बदलून काम भागले असते व आम्ही पिवळी डबीच धुऊन वापरली असती. भेग पडल्यावर मात्र चिकटविण्याच्या नादी लागू नये. या ऑइलपुढे साधा चिकटा टिकत नाही. आम्ही डबी, झाकण व रबरे तिन्ही नवी घेतली.

झाकणाचे महत्त्व पुष्कळांस वाटत नाही. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. कोरडे डॉट ३ जातीचे ऑइल २०५ अंशांखाली उकळत नाही. सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापले की असे ऑइल उकळून वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दगा देते. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलणे हिताचे. गाडीच्या झाकणावर जी जात लिहिली असेल तीच घालावी. इंजिनचे ऑइल वा डिझेल थेंबभरही डबीत जाऊ देऊ नये. त्याने आतील रबरे फुगतात.

नवी डबी बसल्यावर नळ्यांतील हवा काढून घ्यावी, पॅडल घट्ट लागते की नाही ते उभ्या गाडीत पाहावे व प्रथम मोकळ्या सपाट रस्त्यावर सावकाश चालवून मगच घाटाची वाट धरावी.

सारांश, रंग पिवळा पडला एवढ्यावरून डबी टाकू नये. पण पातळी दिसत नसेल, भेग असेल, वा झाकण घट्ट बसत नसेल, तर एक दिवसही राहू देऊ नये. आणि वरून ऑइल ओतीत राहणे हा तर उपायच नव्हे. आम्ही तसे केले असते तर दिवा विझला असता, गळती मात्र चालूच राहिली असती. आणि पुढच्या खेपेस त्याच वळणावर तीच नातवंडे गाडीत असती. सुगीची घाई सुरू होण्यापूर्वी वाचक बंधूंनी एका सकाळी बोनेट उघडून एवढी पाहणी करावी, ही विनंती.