शाळा भरलेली असताना

पॅरामॅटा हे पश्चिम सिडनीतलं गजबजलेलं केंद्र. शेजारच्या हॅरिस पार्कला लोक ‘लिटल इंडिया’ म्हणतात. पॅरामॅटातल्या आर्थर फिलिप हायस्कूलचा पट वाढत गेला, पण आवाराला पसरायला जागा उरली नव्हती. म्हणून शाळा उंच गेली. सुमारे २,००० विद्यार्थ्यांसाठी बांधलेली १७ मजली इमारत २०२० मध्ये वापरात आली. न्यू साउथ वेल्समधली ही पहिली गगनचुंबी सरकारी शाळा. लगतच प्राथमिक शाळेसाठी चार मजली इमारत उभी राहिली. एकोणिसाव्या शतकातली जुनी वास्तूही आवारात जपली आहे.

कौतुक मनोऱ्याचं होतं. मला मात्र अशा प्रत्येक कामामागचा क्रम जास्त मोलाचा वाटतो. शाळा भरलेली असताना तिचा पुनर्विकास करायचा म्हणजे एक वर्ग पाडण्याआधी त्यातली मुलं कुठे बसणार, हे ठरलेलं हवं. ऑस्ट्रेलियात त्यासाठी ‘डिमाउंटेबल’ असतात, म्हणजे ट्रकवरून आणून मैदानात ठेवायचे तयार वर्ग. भाषेचा किंवा गणिताचा तास तिथे निभतो. प्रयोगशाळेचं तसं नाही. तिला गॅस, पाणी, सांडपाण्याची वाट आणि धूर ओढून घेणारं कपाट लागतं. म्हणून नवी प्रयोगशाळा सुरू झाल्याशिवाय जुनीला हात लावू नये. त्याआधी जमिनीखालचं काम. जी इमारत पाडायची, तिच्यातूनच कधी कधी उरलेल्या शाळेची वीज किंवा आगीच्या घंटेची वायर गेलेली असते. ती आधी वळवावी लागते. या टप्प्यात डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि पालक विचारत राहतात, काम सुरू कधी होणार?

मग दिनदर्शिका. न्यू साउथ वेल्स राज्यात बारावीची एचएससी लेखी परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते. त्या काळात पाडकामाचा दणदणाट चालणार नाही. मोठी हलवाहलव उन्हाळी सुट्टीत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत उरकायची. मालाचे ट्रक शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेरच थांबवायचे. प्रत्येक टप्प्यात बाहेर पडण्याच्या वाटा बदलतात, म्हणून आगीचा सराव पुन्हा घ्यायचा, नकाशे पुन्हा लावायचे.

तिथलं माध्यमिक शिक्षण सातवी ते बारावी, सहा वर्षांचं. काम चार-पाच वर्षं चाललं, तर एका पिढीची जवळजवळ सगळी शाळा पत्र्याच्या कुंपणाआड जाते. नवी वास्तू वापरायला मिळते ती पुढच्यांना. म्हणून या मुलांच्या वाट्याला ग्रंथालय, सावली आणि खेळायला मोकळा तुकडा पहिल्या दिवसापासून यायलाच हवा. डिमाउंटेबल मैदानावरच उभे राहतात, त्यामुळे मैदान मोकळं होतं ते सगळ्यात शेवटी. तोवर खर्च वाढलेला असतो आणि कात्री बहुधा तिथेच लागते. मैदानाचे पैसे पहिल्याच करारात वेगळे बांधून ठेवावेत आणि ते दुसऱ्या कामाकडे वळवायची मुभा कोणालाही देऊ नये.