मेंदूलहरींवरून अल्झायमर रोगाचे पूर्वनिदान

डोक्याच्या त्वचेवर इलेक्ट्रोड लावून मेंदूतील विद्युत् क्रियेची नोंद घेणे आणि तिच्यावरून स्मृतिभ्रंश ठळक होण्यापूर्वीच अल्झायमर रोगाची चाहूल घेणे, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. या नोंदीस विद्युत् मस्तिष्कालेख किंवा ईईजी म्हणतात. ही तपासणी वेदनारहित व तुलनेने कमी खर्चाची आहे. मात्र केवळ तिच्या आधारे या रोगाचे निश्चित निदान करता येत नाही.

पार्श्वभूमी

अल्झायमर रोगात चेतापेशींच्या बाहेर अ‍ॅमिलॉइड-बीटा या प्रथिनाचे थर साचतात आणि पेशींच्या आत टाऊ या प्रथिनाचे गुंते तयार होतात. हे बदल विस्मरण जाणवण्याच्या अनेक वर्षे आधी सुरू होतात. अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळालेले लेकॅनेमॅब हे औषध ऱ्हासाचा वेग काहीसा कमी करते, पण ते रोगाच्या आरंभीच्या टप्प्यासाठीच आहे. त्यामुळे लवकर निदानाचे महत्त्व वाढले आहे.

इतिहास

जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूलहरींची पहिली नोंद घेतली व १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. १९३० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी अल्झायमरच्या रुग्णाच्या आलेखातील विकृतीही नोंदवली.

लहरींचे प्रकार व त्यांतील बदल

लहरींची वर्गवारी दर सेकंदाच्या आवर्तनांवरून, म्हणजे हर्ट्‌झमध्ये, करतात. डेल्टा लहरी ४ हर्ट्‌झपेक्षा कमी, थीटा ४ ते ८, अल्फा ८ ते १३ आणि बीटा सुमारे १३ ते ३० हर्ट्‌झच्या असतात. निरोगी प्रौढ व्यक्ती जागेपणी डोळे मिटून शांत बसली असता डोक्याच्या मागील भागात अल्फा लहरी ठळक दिसतात. डोळे उघडताच त्या क्षीण होतात.

अल्झायमरमध्ये चेतापेशींमधील जोडण्या दुबळ्या होतात आणि आलेख मंदावतो. प्रथम सामान्यतः थीटा लहरी वाढतात व बीटा घटतात. पुढे अल्फा लहरी कमी होऊन डेल्टा वाढतात. मेंदूच्या निरनिराळ्या भागांतील लहरींचा मेळही विस्कळीत होतो.

प्रतिसादावर आधारित चाचण्या

एकसारख्या ध्वनींच्या मालिकेत मधूनच वेगळा ध्वनी ऐकवल्यास सुमारे ३०० मिलिसेकंदांनंतर आलेखात एक विशिष्ट लहर उमटते. तिला पी-३०० म्हणतात. अल्झायमरमध्ये तिला अनेकदा विलंब होतो.

ब्रिटनमधील बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ‘फास्टबॉल’ ही चाचणी मांडली. तीत आधी दाखवलेली चित्रे वेगाने सरकणाऱ्या चित्रमालिकेत ठरावीक अंतराने पुन्हा येतात. ओळखीच्या चित्राला मेंदूने दिलेला प्रतिसाद अल्झायमरच्या रुग्णांत क्षीण आढळला. या चाचणीत व्यक्तीला तोंडी उत्तर द्यावे लागत नाही. प्रचलित स्मृतिचाचण्यांवर शिक्षण व भाषा यांचा प्रभाव पडत असल्याने ही बाब महत्त्वाची ठरते. हरियाणातील बल्लभगढ येथील स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासासाठी १९९० च्या दशकात निरक्षर वृद्धांना साजेशी हिंदी चाचणी मुद्दाम तयार करावी लागली होती.

मर्यादा

मंदावलेला आलेख केवळ अल्झायमरचाच निदर्शक नसतो. लुई पिंड स्मृतिभ्रंश, तीव्र संभ्रमावस्था, काही औषधांचा परिणाम किंवा तपासणीच्या वेळची साधी झापड यांमुळेही लहरी मंदावतात. उलटपक्षी, आरंभीच्या टप्प्यात आलेख सर्वसामान्यही असू शकतो. गटांच्या सरासरीत दिसणारा फरक एका व्यक्तीला लागू करणे हीच येथील मुख्य अडचण आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत मांडल्या गेलेल्या संशोधन-निकषांत अ‍ॅमिलॉइड, टाऊ व चेतापेशींची हानी दर्शविणाऱ्या खुणांचा समावेश होता, ईईजीचा नव्हता.

सद्यःस्थिती

प्रथिनांच्या खुणा शोधण्यासाठी पेट स्कॅन, मणक्यातील द्रवाची तपासणी आणि अलीकडे रक्तचाचण्या उपलब्ध आहेत. त्या प्रथिने साचल्याचे दर्शवितात, तर ईईजी मेंदूचे प्रत्यक्ष कार्य दर्शवितो. म्हणून तो या चाचण्यांना पूरक मानला जातो. विस्मरणामागे अपस्मार असल्यास तेही ईईजीतून उघड होऊ शकते, आणि अपस्मारावर उपचार करता येतात.