जादूलाही हिशोब असतो!

मागच्या गॅदरिंगला आमच्या नाटुकल्याचं काय झालं, हे ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. ज्यांनी पाहिलं नाही ते नशीबवान. राजकुमार, चेटकीण, पुठ्ठ्याला चांदीचा कागद चिकटवलेल्या तलवारी, ड्राय आइसचा धूर, सगळं जय्यत होतं. शेवटी राजकुमार तलवार उंच धरतो, मंत्र म्हणतो आणि चेटकीण एका फटक्यात खलास! आम्ही टाळ्यांची वाट बघत उभे, आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "अरे मग पहिल्याच सीनला का नाही मारलं?" अख्खा हॉल हसला. स्क्रिप्ट माझी होती.

तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. श्रावणात राखीला धुळ्याला घरी गेले, तेव्हा त्याचं उत्तर जिथे शोधलं नव्हतं तिथे मिळालं. एक जुना सिनेमा आणि आजीची पोथी. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.)

सिनेमाचं नाव 'माया मच्छिंद्र'. साल 1932, कोल्हापूरची प्रभात फिल्म कंपनी, दिग्दर्शक व्ही. शांताराम. तलवार आणि जादू म्हटलं की आपल्याला अंगठी, ड्रॅगन आणि न्यूझीलंडचे डोंगर आठवतात. पण बोलपट सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं असताना मराठीत हा प्रकार करून झाला होता! किलोतला नावाची राणी, तिच्या राज्यात पुरुषांना मज्जाव. योगी मच्छिंद्रनाथ तिथे जातो आणि चक्क संसार थाटून बसतो. शिष्य गोरखनाथाचा यावर विश्वास बसत नाही आणि तो गुरूला सोडवायला निघतो.

या सिनेमाची सगळ्यात मोठी ताकद म्हणजे दुर्गा खोटे. त्याच वर्षी 'अयोध्येचा राजा'मध्ये सोशिक तारामती झालेली बाई इथे पुरुषांचा तिरस्कार करणारी राणी होते आणि शेजारी चित्ता घेऊन वावरते. चित्ता खरा, बरं का! आज असता तर कॉम्प्युटरवर बनवला असता आणि राणीच्या डोळ्यांत ती सावधगिरी दिसली नसती. दुर्गाबाई मुंबईच्या कॅथेड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्समध्ये शिकलेल्या, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.

दुसरी ताकद म्हणजे कारागिरी. दामले आणि फत्तेलाल हे बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले, मुळातले चित्रकार. त्यामुळे महाल नुसता पडद्यावर रंगवल्यासारखा वाटत नाही. ट्रिकसीनचं तंत्र त्या काळी कसं चालायचं तेही समजून घेण्यासारखं आहे. कॅमेरा जागेवर घट्ट बसवायचा, मध्येच थांबवायचा, नटाने बाजूला व्हायचं, पुन्हा सुरू करायचा, की झाला माणूस गायब. एकाच चौकटीत दोन गोष्टी हव्या असतील तर लेन्सचा अर्धा भाग झाकून शूट करायचं, तीच फिल्म मागे गुंडाळायची आणि उरलेला अर्धा भाग उघडून पुन्हा शूट करायचं. दुसऱ्या वेळी कॅमेरा केसभर हलला तर पहिलाही शॉट गेला. आमच्यासारखं 'अन्डू' नाही! दादासाहेब फाळके असल्या करामती मूकपटांपासून करत होते.

आता कमकुवत बाजू. सिनेमा मधूनमधून चक्क उभा राहतो. याचं कारण आवाज. तेव्हा प्लेबॅक नव्हता. नटाने कॅमेऱ्यासमोर स्वतः गायचं, वादक चौकटीबाहेर बसायचे आणि माईक असेल तिथेच बोलायचं. धावपळ करून चालणारच नाही. मच्छिंद्रनाथ म्हणजे गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचंच. गाण्यात प्रश्नच नाही, पण पन्नाशीचे गोविंदराव योगी कमी आणि संगीत नाटकाचे नट जास्त वाटतात. गोरखनाथ झालेला मास्टर विनायक त्यामानाने चपळ आहे. संवाद म्हणाल तर सगळे शेवटच्या रांगेला ऐकू जावं अशा बेताने बोलतात. पण ही दुखणी त्या काळाची आहेत, ती मी माफ करते.

माफ होत नाही तो शेवट. (नव्वदीपार सिनेमाचा शेवट सांगितला म्हणून कोणी रागावू नये.) शेवटी कळतं की हे सगळं गुरूने शिष्याला दाखवलेली माया होती. संसार खोटा, राज्य खोटं. मी म्हटलं, "वा, काय ट्विस्ट आहे!" शेजारी आजी वाती वळत बसली होती. ती म्हणाली, "मंग ती राणीनं काय व्हयनं?"

मला उत्तर देता येईना. गोरखला धडा मिळाला, गुरूची ध्यानसमाधी शाबूत. पण जिने खरोखर जीव लावला, तिचं दुःख एका झटक्यात पुसून टाकलं. 'सगळं स्वप्न होतं' म्हणणं आणि आमच्या राजकुमाराचा फायनल मंत्र, दोन्ही एकच. लेखक अडकला की सुटायची पळवाट.

आजीने मग पोथी काढली. मालू कवीचं 'नवनाथ भक्तिसार', 1819 सालचं, चाळीस अध्याय. दर श्रावणात घरात वाचलं जायचं आणि मी दुसऱ्या खोलीत हेडफोन लावून बसायचे. यावेळी ऐकलं. इथे राणीचं नाव मैनाकिनी, आणि इथे स्वप्नबिप्न काही नाही. मच्छिंद्र मारुतीला दिलेल्या शब्दापायी तिथे जातो, खरोखर राहतो, मीननाथ नावाचा मुलगा होतो, आणि निघायची वेळ येते तेव्हा खरोखर ताटातूट होते. राणीचा शाप संपतो, तिची पुढची सोय कवीने लावलेली आहे.

आणि जादू! शाबरी विद्या मच्छिंद्राला फुकट मिळत नाही. सप्तशृंगीची अंबिका वाट दाखवते (चैत्रात आपल्याकडून माणसं पायी जातात तो गड), पण पुढे महिनोन् महिने कुंडांचं पाणी आणून झाडाला घालत एकेक दैवत प्रसन्न करून घ्यावं लागतं. लढाईत अग्निअस्त्र सोडलं की समोरून पर्जन्यास्त्र येतं, सर्पास्त्रावर गरुडास्त्र. प्रत्येक लोडला रिअॅक्शन! म्हणून पुढे काय होणार याची धाकधूक राहते. 1991 च्या 'अजूबा'त अमिताभ आहे, जादूची तलवार आहे, डॉल्फिनसुद्धा आहे, पण अडचण आली की नवीन जादू हजर, त्यामुळे काळजी अशी कुणाची वाटतच नाही. उलट 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये अंगठी घालणारा दर वेळी थोडा थोडा संपत जातो. तीन सिनेमे आपण जागचे हलत नाही ते ड्रॅगनसाठी नाही. (ड्रॅगन त्यात नाहीतच. माझ्या रूममेटशी पैज लावून हरले आहे.)

यंदाची स्क्रिप्ट मी नव्याने लिहायला घेतली आहे. राजकुमाराने एकदा मंत्र वापरला की त्याची एक आठवण जाते, असा नियम केला आहे. तिसऱ्या सीनला तो आईला ओळखत नाही, तिथे मी अडकले आहे, कारण आता त्याने चौथ्यांदा मंत्र म्हणावा असं मलाच वाटेनासं झालंय. चेटकिणीला मात्र शेवटपर्यंत ठेवलं आहे, तिचं काय झालं ते दाखवूनच पडदा पडेल. राणीचं काम करायला दोघी तयार आहेत. चित्त्याची जागा अजून रिकामी आहे.