रंधा मशीनचा आवाज येतो कुठून?

सागाची फळी थिकनेसरच्या (फळीची जाडी सारखी करणाऱ्या रंधा मशीनच्या) रोलरने आत ओढली की जो कल्लोळ उठतो, तो मोटरचा असं बहुतेकांना वाटतं. मोटर त्यात असतेच, पण मोठा वाटा पात्यांचा. नेहमीच्या कटर ब्लॉकमध्ये दोन, तीन किंवा चार सरळ पाती असतात आणि प्रत्येक पातं फळीच्या पूर्ण रुंदीवर एकदम आदळतं. तीन पाती आणि मिनिटाला ५,००० फेरे धरले, तर सेकंदाला २५० घाव. हार्मोनियमच्या पांढरी एकच्या किंचित खालचा हा सूर. त्यावर त्याचे चढे सूर उमटतात आणि कानाला बोचतात ते तेच. घावागणिक फळीही थरथरते. पातळ, लांब पट्टी मशीनच्या दोन्ही अंगांना बाहेर आलेली असली की तीच आवाज फेकू लागते.

फळी नसतानाही मशीन गप्प बसत नाही. पातं टेबलाच्या कडेजवळून जाताना मधली हवा चेपली जाते आणि सुटते. भोंगा याच तत्त्वावर वाजतो. म्हणून काही सरफेस प्लेनरच्या, म्हणजे फळीची बाजू सपाट करणाऱ्या रंधा मशीनच्या, टेबलाच्या कडांना खाचा किंवा भोकं ठेवलेली असतात. हवेला निसटायला वाट मिळते आणि आवाज उतरतो.

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटजवळच्या एका कारखान्यात स्पायरल कटर ब्लॉक बसवलेलं मशीन उघडून बघायला मिळालं. लांब पाती नाहीतच. दंडगोलावर मळसूत्री ओळींत कार्बाइडची छोटी चौकोनी पाती, प्रत्येक साधारण १५ मिलिमीटरची, एकेका स्क्रूने आवळलेली. एका वेळी थोडीच लाकडाला भिडतात. ती सुटायच्या आत पुढची लागतात. मोठा घाव असा बारीक तुकड्यांत वाटला जातो, आणि आवाज उतरण्याचं मूळ कारण हेच. काही ब्लॉकमध्ये ही पाती किंचित तिरपीही बसवतात, म्हणजे धार लाकूड ठोकत नाही, कापत सरकते. गाठीजवळ, उलट्या रेशांवर लाकूड उपसून निघायचं, तेही कमी होतं.

तिथल्या मिस्त्रींनी एक पातं सोडवून हातावर ठेवलं. चारही कडांना धार. एक कड बोथट झाली की पाव फेरा फिरवायचं. पण बसवण्याआधी त्यांनी ती खोबण ब्रशने झाडली, मग फडक्याने पुसली, मग बोट फिरवून पाहिलं. आत भुशाचा कण राहिला तर पातं केसभर वर बसतं आणि प्रत्येक फळीवर त्या जागी रेघ उमटते. स्क्रू टॉर्क पान्यानेच आवळायचा. हाताच्या अंदाजावर त्यांचा भरवसा नव्हता, आणि ते बरोबरच आहे.

मशीन चालू झालं. आवाज होताच, पण त्यातला चिरका भाग गेला होता. पलीकडच्या पोराने विचारलं, “मामा, सहा सूत की दहा?” आणि मिस्त्रींनी मशीन न थांबवता उत्तर दिलं.

ही गोष्ट साधी वाटली तरी साधी नाही. गोंगाटाने बधिर होणारा कान बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास आधी मार खातो, आणि शब्दांतली काही व्यंजनं याच उंच पट्ट्यात ओळखू येतात. आवाज ऐकू येतो, शब्द लागत नाही. सहा आणि दहातला फरक पुसला जातो. “दुकान बंद केलं तरी कानात भुंगा चालूच असतो, साहेब,” मिस्त्री म्हणाले. हे त्यांनी जुन्या मशीनवर कमावलेलं आहे आणि ते परत जाणार नाही.

सरळ पात्यांचं थिकनेसर काम करताना सहज १०० डेसिबलपर्यंत जातं. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेच्या शिफारशीनुसार आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला पाव तास. तोच आवाज ९० वर आणता आला तर अडीच तास.

आवाज किती उतरेल, हे मात्र मशीनवर ठरतं. कार्बन ब्रशवाल्या मोटरची छोटी मशीन रिकामीसुद्धा किंचाळतात. ब्लॉक बदलून ती किंचाळी जात नाही. इंडक्शन मोटरच्या जड मशीनवर फरक पुरेपूर कळतो. आणखी एक अडचण पुढे येते: पाती शांत झाली की भुसा ओढणारा पंखा सगळ्यांत मोठा वाटू लागतो. या कारखान्यात तो भिंतीपलीकडे नेला होता. भुसा ओढण्याचं काम उलट सोपं झालंय, कारण लांब छिलक्यांऐवजी बारीक तुकडे पडतात आणि पाइप तुंबत नाही.

खर्च मोठा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. ब्लॉक महाग, आणि ताकद जास्त खातो, म्हणून एका फेरीत कमी जाडी काढावी लागते. स्वस्त उपाय म्हणून मालक कानावरचे मफ आणून देतात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली घामाने भिजलेले मफ दिवसभर कोण घालेल? ते खिळ्याला टांगलेले मी जागोजागी पाहिले आहेत. म्हणून आवाज उगमाशीच कमी करायला हवा असं मला ठामपणे वाटतं. मफ तरीही लागतातच. दिवसभर फळ्या ओढायच्या असतील तर अडीच तासांचं गणित दुपारच्या जेवणाआधीच संपतं.