स्प्रेडशीट आणि हिशेबाची रुजवात

दुकानाचा, बचत गटाचा किंवा एखाद्या लहानशा कारखान्याचा हिशेब वहीतून संगणकावर आणण्याच्या इच्छेने जे लोक स्प्रेडशीट शिकू लागतात, त्यांच्या मनात या साधनाविषयी दोन परस्परविरुद्ध समजुती एकाच वेळी नांदत असतात, असे मला शिकवताना वारंवार आढळून आले आहे. हे काम गणितात किंवा संगणकात निष्णात असणाऱ्यांचेच आहे, ही त्यांतली एक. आणि एकदा आकडे त्या तक्त्यात भरले की मग उत्तर चुकणे संभवतच नाही, ही दुसरी. पहिली समजूत माणसाला शिकूच देत नाही, पण ती चार दिवसांच्या सरावाने आपोआप गळून पडते. दुसरी मात्र सरावाने अधिकच दृढ होत जाते, आणि म्हणून तिचा विचार सविस्तर करणे मला अगत्याचे वाटते.

पहिलीविषयी एवढेच सांगितले म्हणजे पुरे, की एक्सेलमध्ये चारशेहून अधिक तयार फंक्शने असली, तरी किरकोळ व्यापाराच्या जमाखर्चाला त्यांतली मोजकीच लागतात: बेरीज, सरासरी, अट घालून केलेली बेरीज, पूर्णांकन, एका कोष्टकातून दर शोधून आणणे आणि कर्जाच्या हप्त्याची आकारणी. ज्याला रोजकीर्दीवरून खतावणी करता येते आणि दिवसअखेरची शिल्लक काढता येते, त्याचे निम्मे शिक्षण संगणकासमोर बसण्यापूर्वीच झालेले असते. उलट, ज्याला सर्व फंक्शने मुखोद्गत आहेत पण जमा आणि नावे यांतला भेद उमगलेला नाही, त्याच्या हाती हे साधन दिल्याने हिशेब सुधारत नाही.

आता दुसरी समजूत. यंत्र बेरीज चुकत नाही हे निर्विवाद आहे. परंतु कशाची बेरीज करावयाची हे त्याला आपण सांगतो, आणि त्या सांगण्यात चूक झाली तर ते तक्रार न करता चुकीचीच बेरीज बिनचूक करून देते. याचे सुप्रसिद्ध उदाहरण अर्थशास्त्राच्या क्षेत्रातलेच आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन ख्यातनाम अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली राष्ट्रीय कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्या संबंधावर एक निबंध प्रसिद्ध केला, आणि सरकारी खर्चात कपात करावी असे म्हणणाऱ्यांनी त्याचा आधार ठिकठिकाणी घेतला. परंतु २०१३ साली थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची मूळ स्प्रेडशीट तपासली, तेव्हा सरासरीचे सूत्र ४९ व्या ओळीपर्यंत पोहोचण्याऐवजी ४४ व्या ओळीवरच थांबले होते आणि त्यामुळे ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा व डेन्मार्क हे पाच देश हिशेबातून गळाले होते, असे उघडकीस आले. त्या निबंधावर याहून मोठे आक्षेपही घेतले गेले, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तथापि ओळींची ही गफलत इतक्या जाणत्या माणसांच्या हातून झाली, एवढी गोष्ट नवशिक्याने ध्यानात ठेवावी. कारण नेमकी हीच गफलत दुकानाच्या हिशेबातही होते: महिनाअखेरीस आलेले एक बिल एकूण बेरजेच्या खाली कुठेतरी नोंदवले जाते, बेरजेच्या सूत्राची व्याप्ती मात्र पूर्वीचीच राहते, आणि तो आकडा डोळ्यांना दिसत असूनही बेरजेत येत नाही.

याच्याइतकीच फसवी गोष्ट म्हणजे आकड्यासारखा दिसणारा मजकूर. एखाद्याने रकान्यात ‘१५०० रुपये’ असे अक्षरांसह लिहिले, तर स्प्रेडशीटच्या दृष्टीने ती संख्या राहत नाही, ते शब्द होतात. आणि बेरजेचे फंक्शन शब्दांना मुकाट्याने वगळते. खरी संख्या, आपण मुद्दाम बदल केला नसेल तर, चौकटीच्या उजव्या कडेला चिकटते आणि मजकूर डाव्या कडेला, ही खूण नवशिक्याला पहिल्याच दिवशी दाखवावी. तारखांचेही तसेच: संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर ५/४/२०२५ ही ५ एप्रिल न होता ४ मे होते, आणि १५/४/२०२५ ला तारीख म्हणून ओळखच मिळत नाही, कारण पंधरावा महिना अस्तित्वात नाही. उधारीचे दिवस मोजणाऱ्याच्या यादीत अशा अर्ध्या तारखा चुकीच्या आणि अर्ध्या निरुपयोगी होऊन बसतात.

जे दिसते तेच चौकटीत असते, हाही एक भ्रम आहे. १००.४० रुपयांच्या तीन नोंदी घ्या आणि दशांश दाखवू नयेत अशी आज्ञा द्या. पडद्यावर १००, १०० आणि १०० दिसतील व त्यांची बेरीज ३०१ दिसेल. गिऱ्हाईक बोट ठेवून विचारेल की हा वरचा रुपया कुठला. आणि हिशेबनीसाला उत्तर सुचणार नाही, कारण आत ३०१.२० आहे आणि दशांश झाकल्याने मूळ मूल्य बदलत नाही. बिलावर जी रक्कम छापावयाची, ती पूर्णांकनाच्या फंक्शनने खरोखरच पूर्ण रुपयांत आणली पाहिजे. केवळ दर्शनी रूप बदलून भागत नाही.

कर्जाच्या बाबतीत मी थोडा अधिक वेळ थांबतो, कारण येथे चूक झाली तर ती वर्षानुवर्षे खिशातून भरावी लागते. पाच लाख रुपये मुद्दल, दरसाल दरशेकडा १२ व्याज आणि पाच वर्षांची मुदत असे कर्ज घ्या. हप्ता काढण्याच्या फंक्शनला, ज्याचे नाव पीएमटी, तीन गोष्टी सांगाव्या लागतात: दर, हप्त्यांची संख्या आणि मुद्दल. हप्ते मासिक असल्यामुळे त्यांची संख्या ६० आणि दरही मासिकच, म्हणजे एक टक्का, द्यावयाचा असतो. तसे केल्यावर ११,१२२.२२ रुपये हे उत्तर वजा चिन्हासह येते. ते वजा चिन्ह पाहून नवशिके घाबरतात, पण हातात येणारी रक्कम अधिक आणि हातातून जाणारी वजा, एवढाच त्याचा अर्थ आहे. मात्र दराच्या जागी वर्षाचे १२ टक्के आणि हप्ते ६० असे भरले, तर तेच फंक्शन सुमारे ६०,०६७ रुपयांचा मासिक हप्ता त्याच निर्विकारपणे पुढे ठेवते. पाच लाखांच्या कर्जाला पाच वर्षे दरमहा साठ हजार लागणार नाहीत, हे यंत्राला कळत नाही; ते माणसाला तोंडी अंदाजाने कळले पाहिजे, आणि म्हणून तोंडी हिशेब हा स्प्रेडशीटच्या शिक्षणाचा भाग आहे, असे माझे ठाम मत आहे.

याच कर्जावर दुसरा सावकार ‘फ्लॅट १२ टक्के’ म्हणतो, तेव्हा दर सारखाच आहे असा सार्वत्रिक समज होतो. तो पाचही वर्षे पूर्ण मुद्दलावर व्याज आकारतो, त्यामुळे व्याज तीन लाख आणि हप्ता १३,३३३.३३ रुपये होतो. पहिल्या पद्धतीत एकूण व्याज सुमारे १,६७,३३३ रुपयेच होते. दर शोधून देणाऱ्या फंक्शनला हा हप्ता सांगितला, तर या ‘१२ टक्क्यां’चा खरा वार्षिक दर सुमारे २०.३ टक्के असल्याचे दिसून येते. ज्या शिष्याने हे स्वतःच्या हाताने एकदा काढून पाहिले, त्याला स्प्रेडशीट कशासाठी शिकावयाची हे पुन्हा सांगावे लागत नाही.

वस्तू व सेवा कराबाबत एक जुनीच अंकगणिती चूक नव्या साधनात तशीच उतरते. करासह किंमत १,१८० रुपये आणि दर १८ टक्के असेल, तर पुष्कळजण १,१८० चे १८ टक्के काढून २१२.४० रुपये कर धरतात. वस्तुतः १,१८० ला १.१८ ने भागून मूळ किंमत १,००० आणि कर १८० असा निघतो. पण याहून महत्त्वाचा प्रश्न दर कुठे लिहावा हा आहे. डॅन ब्रिक्लिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ साली व्हिसिकॅल्क ही वैयक्तिक संगणकावरची पहिली स्प्रेडशीट बाजारात आणली, तिच्यामागची प्रेरणाच ही होती की एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागू नयेत. दर प्रत्येक सूत्राच्या पोटात लिहून ठेवणारा मनुष्य ही सोय स्वतःच्या हाताने घालवतो. दर वेगळ्या चौकटीत ठेवावा, असे म्हणूनच सर्वत्र शिकवतात, आणि ते योग्यच आहे. तरीही ते अपुरे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तुपावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा ज्यांनी त्या एका चौकटीतला दर बदलला, त्यांची ऑगस्टची बिलेसुद्धा तत्क्षणी ५ टक्क्यांनी आकारली जाऊ लागली. दराचे छोटे कोष्टक करून प्रत्येक दरापुढे तो लागू झाल्याची तारीख लिहावी आणि बिलाच्या तारखेवरून दर शोधावा, ही खरी रीत होय.

शेवटचा गैरसमज असा, की स्प्रेडशीट असली म्हणजे हिशेबाचे दफ्तर निराळे ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही. वहीत आकडा खोडून बदलला तर खाडाखोड दिसते. साध्या फाइलमध्ये जुन्या आकड्यावर नवा लिहून ती जतन केली, की आधी काय होते याचा मागमूस राहत नाही. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कंपन्यांना, नोंदीतला प्रत्येक बदल तारखेसह टिपून ठेवणारी आणि बंद न करता येणारी व्यवस्था असलेलेच सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे, ते याच कारणाने. लहान दुकानदाराला हा नियम लागू नसला, तरी त्याने मूळ नोंदी रोजकीर्दीत किंवा हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवाव्यात आणि स्प्रेडशीटचा उपयोग गोषवारा, अंदाजपत्रक व हप्त्यांचा विचार यांसाठी करावा. महिनाअखेरीस दोहोंची रुजवात घालावी, आणि शिल्लक जुळली नाही तर फरकाची रक्कम ‘किरकोळ’ खात्यावर ढकलण्यापूर्वी बेरजेच्या सूत्राची व्याप्ती, डाव्या कडेला चिकटलेले आकडे आणि तारखा या तीन जागा प्रथम तपासाव्यात.