आवाजाचेही माप असते

दूध आपण मापाने घेतो. कापड मीटरने घेतो. ताप आला तर थर्मामीटर लावून पाहतो. मग आवाज मोजता येतो काय? हो, येतो. जिथे यंत्रे दिवसभर धडधडतात, तिथे तो मोजलाच पाहिजे.

आपल्याकडचे पुष्कळ लोक इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव इथे यंत्रमागावर कामाला जातात. शेडमध्ये पहिल्या दिवशी कान बधिर होतात. आठ-पंधरा दिवसांनी माणूस म्हणतो, "आता सवय झाली." पण बाबांनो, कानाला सवय होत नसते. कान आतून झिजत असतो.

कसा झिजतो? कानाच्या आत शंखासारखा एक लहान अवयव आहे. त्यात अगदी बारीक तंतू असतात. आवाज आला की ते हलतात, म्हणून आपल्याला ऐकू येते. मोठ्या आवाजाच्या रोजच्या माऱ्याने हे तंतू मोडतात. शेतातले पीक गेले तर पुन्हा पेरता येते. हे तंतू पुन्हा उगवत नाहीत. दुखत नाही, रक्त येत नाही, म्हणून कळतही नाही. आधी चिमणीची चिवचिव जाते, बांगड्यांची किणकिण जाते. मग घरातल्या पोरांचे बोलणे अर्धेच कानावर येते.

हे दुखणे नवे नव्हे. इटलीतले वैद्य रामाझिनी यांनी १७१३ साली व्हेनिस शहरातल्या तांबटांबद्दल लिहून ठेवले. तांबे ठोकून ठोकून ते लोक बहिरे होत.

आता माप पाहू. आवाजाच्या मापाला डेसिबल म्हणतात. दोन माणसे शांतपणे बोलत असली, तर आवाज ६० डेसिबलच्या आसपास असतो. मागांच्या शेडमध्ये तो ९० च्या वर जातो. तुम्ही म्हणाल, दीडपटच झाला. तसे नाही. दर १० डेसिबलला आवाजाचा जोर दहापट होतो. म्हणजे ६० पेक्षा ९० चा जोर हजारपट!

नुसता आवाज मोजून भागत नाही. माणूस त्यात किती वेळ राहतो, तेही मोजावे लागते. कारखान्यांसाठी असा हिशेब धरतात:

९० डेसिबल – दिवसाला ८ तास.
९५ डेसिबल – ४ तास.
१०० डेसिबल – २ तास.

कानाची दिवसाची मर्यादा म्हणजे एक भाकरी समजा. ९५ डेसिबलमध्ये २ तास काम केले, अर्धी भाकरी संपली. मग ९० मध्ये ४ तास केले, उरलेली अर्धी संपली. त्यापुढे त्या दिवशी आवाजात काम नको. पुष्कळ शेडमध्ये पाळी १२ तासांची असते. आता तुम्हीच हिशेब करा.

हे मोजायला यंत्र असते. एक यंत्र हातात धरून जागोजागचा आवाज मोजतात. दुसरे लहानसे यंत्र कामगाराच्या खांद्यावर, कानाजवळ लावतात. ते पाळीभर तिथेच राहते आणि दिवसभराची बेरीज सांगते. शिवाय कामगाराचे कान कामावर लागताना तपासावेत आणि पुढे दरवर्षी तपासावेत. म्हणजे घट लवकर कळते.

यंत्र नसले तर? हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते काय? पाळी सुटल्यावर कानात गुंईऽऽ आवाज येतो काय? तर आवाज फार आहे असे समजावे.

मग करायचे काय? यंत्राला वेळेवर तेल द्यावे. सैल भाग आवळावेत. मागाखाली रबर घालावे. आवाजाच्या जागी आळीपाळीने काम करावे. कानात बसणारी बोंडे किंवा कान झाकणारी साधने मालकाकडे मागावीत. साध्या कापसाने फारसे भागत नाही.

आवाजाने आलेले बहिरेपण हा कायद्याने धंद्यातला आजार मानला आहे. त्याची भरपाई मागता येते. पण पैशाने कान परत येत नाही. म्हणून चार जणांनी मिळून आधीच मालकाला म्हणावे, "शेठ, आमच्या शेडचा आवाज मोजून घ्या." हे मागण्यात लाज कसली? मजुरी मोजून घेतो, तसा आवाजही मोजून घ्यावा.