माध्यमांची मालकी आणि आवाजांची विविधता : चंडीगडचा धडा

लोकशाहीत नागरिकाला स्वतंत्रपणे मत बनविता यावे, यासाठी माहितीचे स्रोत एकाहून अधिक असावे लागतात. म्हणूनच वृत्तमाध्यमांची मालकी हा केवळ व्यापाराचा प्रश्न राहत नाही. मात्र, मालक अनेक असले म्हणजे विविधता आपोआप साधते, असेही नाही. चंडीगड आणि पंजाबमधील केबल सेवेच्या एका प्रकरणातून हे स्पष्ट होते.

वितरणावरील वर्चस्व

वाहिनी आणि प्रेक्षक यांच्यामध्ये मल्टी सिस्टिम ऑपरेटर व स्थानिक केबलचालक हे दोन दुवे असतात. ‘डे अँड नाइट न्यूज’ या वाहिनीने २०१० मध्ये फास्टवे ट्रान्समिशन या केबल समूहाशी करार केला. २०११ मध्ये समूहाने तो संपुष्टात आणला. वाहिनीची कंपनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेली. पंजाब व चंडीगडच्या केबल बाजारातील सुमारे ८५ टक्के ग्राहक या समूहाकडे असल्याचे आयोगाला आढळले. जुलै २०१२ मध्ये आयोगाने सुमारे ८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये हा आदेश रद्द केला. वाहिनी ही केबल कंपनीची स्पर्धक नाही, हा त्यामागील तर्क होता. २४ जानेवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. बाजारातील प्रवेश नाकारला जाणे महत्त्वाचे; नाकारला गेलेला स्पर्धक आहे की नाही, हे गैरलागू, असे न्यायालयाने म्हटले. वर्चस्वाचा गैरवापर मान्य झाला. दंड मात्र पुन्हा लागू झाला नाही.

या निर्णयाला सुमारे सात वर्षे लागली. वृत्तवाहिनीसाठी एवढा काळ फार मोठा असतो. शिवाय स्पर्धा कायद्याची कसोटी आर्थिक आहे. विचारांची विविधता तो मोजत नाही.

मोजमापाचा प्रश्न

बाजारातील केंद्रीकरण मोजण्यासाठी हर्फिंडाल-हर्शमन निर्देशांक वापरतात. प्रत्येक कंपनीच्या टक्केवारीतील वाट्याचा वर्ग करून त्यांची बेरीज केली जाते. संपूर्ण मक्तेदारी असल्यास निर्देशांक १०,००० येतो. ८५ टक्के वाट्याचा वर्गच ७,२२५ होतो. देशपातळीवर मोजल्यास हाच समूह लहान दिसेल. म्हणून केबल सेवेसाठी राज्य हा संबंधित बाजार मानावा, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) २०१३ मध्ये सुचविले.

केवळ प्रकाशनांची संख्या मोजणेही दिशाभूल करणारे ठरते. १८८१ मध्ये लाहोरला सुरू झालेले व आता चंडीगडहून निघणारे ‘द ट्रिब्यून’ एका न्यासाच्या मालकीचे आहे. हाच न्यास हिंदी व पंजाबी दैनिकेही चालवितो. तीन भाषांतील तीन दैनिके म्हणजे मक्तेदारी नव्हे. वाटा भाषेनुसार पाहावा लागतो.

घटनात्मक चौकट

कायद्यालाही मर्यादा आहेत. वृत्तपत्रांची पाने त्यांच्या किमतीशी बांधणारा १९५६ चा कायदा छोट्या पत्रांच्या संरक्षणासाठी होता. पुण्याच्या ‘सकाळ’ने त्यास आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर केवळ अनुच्छेद १९(२) मधील कारणांसाठीच निर्बंध घालता येतात. व्यापारासाठी चालणारे ‘सार्वजनिक हित’ हे कारण येथे पुरत नाही. दुसरीकडे, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे याच न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले. त्यामुळे प्रसारणाच्या परवान्यांना मालकीच्या अटी घालण्यास अधिक वाव आहे. खासगी एफएम रेडिओत एका शहरातील ४० टक्क्यांहून अधिक वाहिन्या एका कंपनीकडे नसाव्यात, ही अट त्याचेच उदाहरण होय.

सुधारणेची दिशा

वृत्तपत्र आणि दूरचित्रवाणी यांच्या एकत्रित मालकीवर मर्यादा घालणारा सर्वसमावेशक कायदा भारतात नाही. ट्रायने २००९ व २०१४ मध्ये शिफारशी केल्या, २०२२ मध्ये पुन्हा विचारविनिमय आरंभिला. चंडीगडच्या अनुभवावरून तीन गोष्टी सुचतात : वाटा राज्य व भाषानिहाय मोजावा, वितरकाने कोणतीही वाहिनी लेखी, तपासता येणाऱ्या कारणाविना वगळू नये, आणि अशा तक्रारींचा निकाल ठरावीक मुदतीत लागावा. आशयाला हात न लावता प्रवेशाचा मार्ग मोकळा ठेवणारा कायदाच स्वातंत्र्य आणि विविधता या दोहोंचे रक्षण करू शकेल.